आजारी झाडाचे बियाणे आणि एक आकर्षक विधान

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून फिरत असताना एका तक्त्यासमोर मी जरा जास्त वेळ रेंगाळलो. तक्त्यावर ज्वारीचे कणीस रंगवले होते, शेजारी डीएनएची पिळदार शिडी आणि वर मोठ्या अक्षरांत एक विधान : ‘रोगाशी लढलेले झाड आपली प्रतिकारशक्ती बियांमधून पुढच्या पिढ्यांना देते.’ खाली ‘एपिजेनेटिक्स’ हा शब्द आणि त्याची व्याख्या. नववीतली एक मुलगी न अडखळता माहिती सांगत होती. तिचे सांगून झाले आणि मग तिनेच मला विचारले, ‘‘सर, मग काणी पडलेल्या रानातली ज्वारी बियाण्याला ठेवली तर पुढच्या वर्षी काणी कमी येईल ना? पप्पा म्हणतात, असलं बी ठेवायचं नसतं.’’

‘‘पप्पांचं बरोबर आहे,’’ एवढे मी सांगू शकलो. का बरोबर आहे, हे मात्र तिथल्या तिथे नीट सांगता आले नाही. तक्त्यावरचे विधान सरळसरळ खोटे आहे असेही म्हणता येईना. ते एका रविवार पुरवणीतून घेतलेले होते आणि त्याच्या मागे नामांकित नियतकालिकांत प्रसिद्ध झालेले संशोधन होते. अशी विधाने अलीकडे बरीच वाचायला मिळतात. ‘झाडांना आठवण असते’, ‘झाडे आपल्या पिल्लांना लस टोचतात’, ‘लामार्क अखेर जिंकला’ ही सगळी त्याचीच भावंडे. मुलांना ती आवडतात, म्हणून आपण शिक्षकही ती वर्गात नेतो. तेव्हा या विधानाची एकदा नीट तपासणी करायला हवी.

विधान एकच दिसते, पण त्यात तीन वेगवेगळे दावे आहेत. पहिला : झाडाची रोगप्रतिकारशक्ती जनुकांवरच्या रासायनिक खुणांनी नियंत्रित होते. दुसरा : अशा खुणा बियांमधून पुढच्या पिढीत जाऊ शकतात. तिसरा : रोगामुळे उमटलेल्या खुणा पुढच्या पिढीत जातात आणि तिचे रक्षण करतात. या तिन्हींसाठी असलेला पुरावा सारख्या वजनाचा नाही, आणि नेमकी इथेच गफलत होते.

झाड स्वतःचा बचाव कसे करते?

आपल्या शरीरात पांढऱ्या पेशी रक्तातून गस्त घालतात, प्रतिपिंडे तयार होतात. झाडात यातले काही नाही. तिथे प्रत्येक पेशीला आपला बचाव आपणच करावा लागतो. पेशीच्या पृष्ठभागावर काही ग्राही प्रथिने असतात. जिवाणूच्या शेपटीतील प्रथिनाचा किंवा बुरशीच्या भिंतीचा एखादा तुकडा त्यांना ओळखता येतो. पेशीच्या आतही अशीच पहारेकरी प्रथिने असतात. धोका ओळखला की बचावाची जनुके कामाला लागतात. कधी कधी तर रोगजंतू शिरलेली पेशी आणि तिच्या आसपासच्या पेशी स्वतःच मरतात आणि रोगजंतूची वाट बंद करतात.

अमेरिकेतील ए. फ्रँक रॉस यांनी 1961 मध्ये तंबाखूच्या झाडावर केलेला प्रयोग वर्गात सांगण्याजोगा आहे. मोझॅक रोगाचा विषाणू त्यांनी खालच्या पानांवर चोळला. ही जात विषाणूला अडवणारी होती. पानांवर मृत पेशींचे ठिपके पडले आणि विषाणू तेथेच अडकला. काही दिवसांनी तोच विषाणू वरच्या, तोवर निरोगी असलेल्या पानांवर चोळला. या वेळी पडलेले ठिपके लहान होते. खालच्या पानांनी घेतलेला अनुभव वरच्या पानांपर्यंत पोचला होता. या सजगतेत सॅलिसिलिक आम्लाचा मोठा वाटा असतो. त्याचा माग 1979 मध्ये लागला, आणि तोही ॲस्पिरिनमुळे : इंग्लंडमधील आर. एफ. व्हाइट यांना तंबाखूच्या पानांत ॲस्पिरिन टोचल्यावर विषाणूचा प्रतिकार वाढलेला आढळला.

ही ‘आठवण’ एकाच झाडाच्या आयुष्यातली आहे, हे लक्षात ठेवू. बियांचा प्रश्न अजून आलेला नाही.

पुस्तकातल्या पेन्सिलीच्या खुणा

आता खुणांकडे वळू. एका झाडाच्या मुळात, पानात आणि फुलात डीएनएचा मजकूर जवळजवळ एकच असतो. तरीही पान पान होते आणि फूल फूल होते, कारण प्रत्येक ठिकाणी वेगवेगळी जनुके वाचली जातात. कोणती वाचायची आणि कोणती वगळायची हे ठरवण्याच्या ज्या अनेक तऱ्हा आहेत, त्यांत दोन रासायनिक खुणा महत्त्वाच्या. डीएनएतील सायटोसिन या घटकाला मिथिल गट जोडला जातो. जनुकाच्या आरंभाजवळ अशा खुणा दाट झाल्या की ते जनुक बहुधा मिटलेले राहते. दुसरी खूण हिस्टोन प्रथिनांवर असते. डीएनएचा धागा या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. रिळावर कोणता गट जोडला आहे त्यानुसार धागा सैल किंवा घट्ट होतो.

वर्गात यासाठी मी पाठ्यपुस्तकाचे उदाहरण देतो. पुस्तकाचा मजकूर छापील असतो. विद्यार्थी काही परिच्छेदांवर पेन्सिलीने ‘महत्त्वाचे’ लिहितो, काहींवर ‘वगळा’ लिहितो. मजकूर तोच राहतो, पण अभ्यास बदलतो. वर्ष संपल्यावर पुस्तक धाकट्या भावंडाकडे जाते. देण्यापूर्वी खुणा खोडरबराने पुसल्या जातात, तरी काही पुसट राहतात. सस्तन प्राण्यांत पुढची पिढी घडताना हे पुसणे बरेच कसून होते. वनस्पतींत ते तितके कसून होत नाही. मिथिल खुणांपैकी बऱ्याच टिकून राहतात. म्हणूनच वनस्पतींबाबत हा प्रश्न गांभीर्याने विचारला जातो.

पहिला दावा : भक्कम

जर्मनीतील आखेन येथे उवे कॉनरात यांच्या गटाने 2011 मध्ये अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातील छोट्या रोपावर काम प्रसिद्ध केले. झाडाच्या काही पानांना जिवाणूची लागण झाल्यावर दूरच्या निरोगी पानांत बचावाच्या काही जनुकांजवळ हिस्टोनवरच्या खुणा बदललेल्या दिसल्या. ती जनुके अजून जोराने वाचली जात नव्हती, पण वाचायला सोपी झाली होती. परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक उघडून ठेवावे, तसे. रॉस यांच्या वरच्या पानांमध्ये काय घडत असेल, याचा एक धागा इथे हाती लागतो.

त्याहून बोलके उदाहरण भाताचे आहे. करपा हा भाताचा जुना शत्रू. चीनमधील ‘गुमेई 4’ या पारंपरिक वाणात करप्याच्या अनेक प्रकारांना रोखणारा जनुकांचा एक समूह आहे. हे झुहुआ यांच्या गटाने 2017 मध्ये त्याची उकल केली. समूहातील एक जनुक करप्याला रोखते. पण त्यामुळे उत्पन्नाला थोडा फटका बसतो. शेजारचे दुसरे जनुक पहिल्याचे काम अडवते, आणि तेच दाणे भरण्यास मदत करते. दोघे एका पेशीत एकत्र आले तर प्रतिकार ढिला पडतो. यावरचा तोडगा खुणांमध्ये आहे. दुसऱ्या जनुकाच्या आरंभाजवळ जागा बदलणाऱ्या डीएनएचे दोन तुकडे येऊन बसले आहेत. त्यांच्यावर मिथिल खुणा पडतात आणि पानात ते जनुक मिटलेले राहते. पराग तयार होतात तेथे मात्र ते उघडे असते. परिणाम असा, की पानांत प्रतिकार टिकतो आणि लोंबीत दाणेही भरतात.

पहिल्या दाव्यासाठी यापेक्षा चांगले उदाहरण मिळणे कठीण. पण त्यात काय नाही, तेही पाहा. भाताच्या या झाडाने करप्याशी लढून काही शिकलेले नाही. खुणा कोठे पडाव्यात, हे त्याच्या डीएनएच्या मजकुरातच ठरलेले आहे आणि तो मजकूर नेहमीच्या मेंडेली वाटेने पुढे जातो. एपिजेनेटिक नियंत्रण आहे, पण अनुभवाची आठवण नाही. ‘एपिजेनेटिक’ शब्द दिसला की ‘अनुभवातून मिळवलेले आणि वारशाने दिलेले’ असा अर्थ घेण्याची जी सवय लेखकांना लागली आहे, तिच्यावर हे उदाहरण चांगला उतारा आहे.

दुसरा दावा : काही ठिकाणी भक्कम

खुणा वारशाने जातात का? काही वेळा नक्की जातात. लिनियस यांनी 1744 मध्ये लिनारिया या वनस्पतीच्या एका विचित्र फुलाचे वर्णन केले होते. नेहमीचे फूल एकाच बाजूने सममित असते, हे सर्व बाजूंनी सारखे होते. 1999 मध्ये इंग्लंडमधील एन्रिको कोएन आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की अशा फुलांत संबंधित जनुकाचा मजकूर बदललेला नसून त्यावर मिथिल खुणा दाटल्या आहेत, आणि ही स्थिती बियांमधून पुढे जाते.

रोगप्रतिकाराबाबतही पुरावा आहे. अरॅबिडॉप्सिसचे असे वंश तयार करण्यात आले आहेत, की ज्यांचा डीएनएचा मजकूर जवळजवळ सारखा आहे, पण मिथिल खुणा निरनिराळ्या आहेत. अशा वंशांवर 2019 मध्ये केवडा गटातील एका रोगाची चाचणी प्रसिद्ध झाली. काही वंश रोगाला अधिक चांगले तोंड देत होते आणि त्याचा संबंध खुणा पुसल्या गेलेल्या चार जागांशी लागला. खुणांमधील फरक वारशाने जाऊन प्रतिकार बदलू शकतो, याचा हा चांगला पुरावा.

परंतु या वंशांतल्या खुणा रोगामुळे पुसल्या गेलेल्या नव्हत्या. खुणा जपणाऱ्या यंत्रणेतील एक जनुक बिघडलेल्या झाडापासून हे वंश प्रयोगशाळेत मुद्दाम तयार केले होते. पुस्तकातल्या खुणा धाकट्या भावंडापर्यंत पोचू शकतात, एवढे यातून सिद्ध होते. थोरल्याने परीक्षेतल्या अनुभवातून त्या केल्या होत्या, हे सिद्ध होत नाही. दुसऱ्या दाव्याचा पुरावा दाखवून तिसरा दावा पदरात पाडून घेणे, ही लोकप्रिय लेखनातली सर्वांत मोठी चूक आहे.

तिसरा दावा : न मिटलेला वाद

या दाव्याची कहाणी 2006 पासून विशेष गाजली. बाझेल येथील बार्बारा होन यांच्या गटाने अरॅबिडॉप्सिसच्या झाडांवर अतिनील किरण सोडले किंवा त्यांना जिवाणूच्या शेपटीतील प्रथिनाचा तुकडा दिला. या झाडांत डीएनएच्या तुकड्यांची अदलाबदल झाली की पानावर निळा ठिपका उमटेल अशी योजना केलेली होती. ठिपके वाढले, आणि काहीही ताण न दिलेल्या पुढच्या चार पिढ्यांपर्यंत वाढलेले राहिले. निष्कर्ष चकित करणारा होता. मात्र मोजली होती ती डीएनएची अदलाबदल. रोग कमी झाला का, हे त्यात मोजलेले नव्हते. लोकप्रिय लेखांत हा फरक बहुतेकदा हरवला.

पुढे 2009 मध्ये व्हिएन्नातील एका गटाने निरनिराळे ताण देऊन हीच गोष्ट पुन्हा तपासली. ही संस्था ग्रेगोर मेंडेल यांच्या नावाने चालते, हा एक योगायोग. ताण दिलेल्या झाडांत परिणाम दिसले. संततीत मात्र ते क्वचित, थोडे आणि अनियमित होते. अशी आठवण हा अरॅबिडॉप्सिसचा सर्वसाधारण प्रतिसाद नाही, असे त्यांनी नोंदवले.

प्रत्यक्ष प्रतिकार मोजणारे तीन शोधनिबंध 2012 मध्ये एकाच नियतकालिकात आले. त्यांपैकी एस्ट्रेया लुना, युरिआन टॉन आणि सहकाऱ्यांचा निबंध सर्वांत काळजीपूर्वक वाचण्याजोगा आहे. त्यांनी झाडांना जिवाणूची वारंवार लागण केली. त्या झाडांची संतती त्याच जिवाणूला आणि केवडा गटातील रोगालाही अधिक प्रतिकार करत होती. मधली एक पिढी रोगाशिवाय वाढवली, तरी नातवंडांत परिणाम उरला होता. ही कसोटी महत्त्वाची आहे, तिच्याकडे आपण पुन्हा येऊ. पण याच निबंधात आणखी एक निष्कर्ष आहे : ही संतती अल्टरनेरिया या बुरशीला जास्त बळी पडत होती. काही रोगजंतू जिवंत पेशींवर जगतात, काही पेशी मारून खातात. या दोन शत्रूंविरुद्धचे बचाव बऱ्याचदा एकमेकांच्या आड येतात. मग ‘प्रतिकारशक्ती वाढली’ हे विधान अर्धेच झाले. कोणाविरुद्ध वाढली आणि कोणाविरुद्ध घटली, हे सांगितले तर ते पूर्ण होईल. मी वाचलेल्या लोकप्रिय लेखांपैकी एकातही अल्टरनेरियाचा उल्लेख नव्हता.

यानंतर 2022 मध्ये दक्षिण कोरियातील संशोधकांनी याच झाडावर, त्याच जिवाणूची, आधीच्यासारखीच वारंवार लागण करून पाहिली. या वारशामागची यंत्रणा शोधावी हा त्यांचा मूळ हेतू होता. पण वारसाच सापडला नाही. संततीत वाढीव प्रतिकार दिसला नाही, बचावाचे ठरावीक जनुक अधिक सजग दिसले नाही आणि त्याजवळच्या हिस्टोनवरच्या खुणाही वाढलेल्या नव्हत्या.

यावरून 2012 चे निष्कर्ष चूक ठरत नाहीत. प्रकाश, माती, लागणीची तीव्रता, झाडाचे वय यांतल्या लहान फरकांनीही निकाल बदलू शकतो. परंतु इतक्या नाजूक अटींवर अवलंबून असणाऱ्या गोष्टीला निसर्गनियमाच्या थाटात ‘झाड देते’ असे म्हणणे योग्य नाही.

पुरावा कशाला म्हणायचे?

हा दावा तपासणे अवघड का आहे, हे विद्यार्थ्यांना समजावण्यासारखे आहे. आजारी आईने बी धरले की त्या बियांत साठवलेले अन्न आणि संप्रेरके वेगळी असू शकतात. अशा बियांतून आलेले रोप वेगळे वागले, तर ते कुपोषणाचे फळ असेल. खुणांचा वारसा म्हणता येणार नाही. म्हणून मध्ये एक निरोगी पिढी घालून नातवंडे तपासावी लागतात.

दुसरी अडचण मोजणीची. एकाच आजारी झाडाच्या 30 बिया पेरल्या, तर त्या 30 स्वतंत्र नोंदी होत नाहीत. एका घराची 30 मुले होतात. आजारी आणि निरोगी अशा अनेक माता वेगवेगळ्या घ्याव्या लागतात. तिसरी अडचण निवडीची. शेतात रोगाने काही झाडे मरतात, काही तगतात. तगलेल्यांच्या जनुकांतच मुळात फरक असू शकतो. त्यांची संतती सरस निघाली, तर ती निवड झाली. अरॅबिडॉप्सिस स्वपरागित असल्याने आणि त्याचे वंश शुद्ध असल्याने प्रयोगशाळेत ही अडचण बरीच टळते. शेतकऱ्याच्या रानात ती टळत नाही.

लामार्कच्या ‘विजया’बद्दलही याच संदर्भात बोलावे. दाव्याचा जो भाग खरा ठरेल, तोही काही पिढ्यांत पुसला जाणाऱ्या खुणांबद्दलचा आहे. डार्विनची निवड त्याने बाजूला होत नाही. खुणा उमटवणारी आणि पुसणारी यंत्रणाही जनुकांतूनच आलेली आहे आणि तिच्यावरही निवड चालते.

त्या मुलीला द्यायचे उत्तर

आता ज्वारीकडे. दाण्यांच्या काणीत कणसातल्या दाण्यांच्या जागी काळ्या बीजाणूंनी भरलेल्या पिशव्या तयार होतात. मळणीत त्या फुटतात आणि बीजाणू चांगल्या दाण्यांना चिकटतात. पेरल्यावर दाण्याबरोबर तेही रुजतात, बुरशी कोवळ्या रोपात शिरते, झाडाबरोबर गुपचूप वाढते आणि थेट कणसात प्रकट होते. म्हणून काणी पडलेल्या रानातले बी ठेवू नये आणि कोणतेही बी पेरण्यापूर्वी त्याला गंधक चोळावे, असे शेतकरी जाणतो. गव्हाच्या काजळीत तर बुरशी फुलातून शिरून दाण्याच्या अंकुरातच बसते. वरून दाणा निरोगी दिसतो. या पिकांत आजारी रानाच्या बियाण्यातून पुढच्या पिढीला खात्रीने काय मिळत असेल, तर तो रोगच.

रोगाच्या शेतात एखादे कणीस स्वच्छ राहिले, तर मात्र पीकपैदासकार त्याकडे कुतूहलाने पाहतो. त्यात प्रतिकाराचे जनुक असू शकते, किंवा बुरशी नुसती तिथे पोचलेली नसेल. हे ओळखण्यासाठी तो पुढच्या हंगामांत त्याच्या संततीला मुद्दाम रोगाची लागण करून पाहतो. हे काम निवडीचे आहे आणि ते आजारी झाडावर नव्हे, तर निरोगी राहिलेल्या झाडावर होते. पप्पांचे म्हणणे आणि विज्ञानाचे म्हणणे यांत विरोध नाही. विरोध आहे तो तक्त्यावरच्या विधानाशी.

वर्गात काय करता येईल? तक्त्यावरचे विधान फळ्यावर लिहावे आणि मुलांना चार प्रश्न विचारायला सांगावे : कोणत्या झाडात? कोणत्या रोगाविरुद्ध? किती पिढ्या? दुसऱ्या कोणी तोच प्रयोग करून पाहिला का? नंतर मुलांचे गट पाडून कागदावर प्रयोग आखायला द्यावा. किती आजारी माता, किती निरोगी माता, मधली पिढी कशी वाढवायची, काय मोजायचे, हे त्यांनीच ठरवावे. एका तासात मुले तीन-चार चुका करतात आणि एकमेकांच्या चुका शोधतात. अरॅबिडॉप्सिस पाहिलेलेही नसताना विज्ञान कसे चालते, हे त्यांना कळते.

आणि त्या तक्त्यावर काय लिहावे? मी असे सुचवीन : ‘झाडाच्या पेशी जनुकांवरच्या खुणा बदलून रोगप्रतिकार कमी-जास्त करतात. अशा काही खुणा बियांमधून पुढे जाऊ शकतात. रोगामुळे उमटलेल्या खुणा पुढच्या पिढीचे रक्षण करतात का, याबद्दल प्रयोगांचे निष्कर्ष अजून जुळत नाहीत.’ पहिल्या विधानापेक्षा हे लांब आहे आणि कमी चमकदार आहे. पण ते वाचून कोणी काणीचे बी कोठारात ठेवणार नाही, आणि एखादी मुलगी ‘का जुळत नाहीत?’ असे नक्की विचारील.